जोखमीचा खेळ आणि आईचे उत्तर

मुलांनी झाडावर चढावे, वेगाने घसरावे, मोठ्यांच्या नजरेआड भटकावे, असे सांगणारे संशोधन अलीकडे बरेच वाचनात येते. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी 2007 साली अशा खेळांचे सहा प्रकार पाडले: उंची, वेग, धोकादायक हत्यारे, पाणी-विस्तवासारख्या गोष्टींजवळचा खेळ, दंगामस्ती आणि एकटे भटकणे. ही वर्गवारी उपयोगी आहे. पुढचे निष्कर्ष मात्र तपासून घ्यायला हवेत.

2011 साली सँडसेटर आणि केनेर यांनी असे मांडले, की खेळातल्या थरारामुळे मुलांची उपजत भीती हळूहळू ओसरते. याला न्यूझीलंडमधील ड्युनेडिनचा दाखला दिला जातो. तेथे 1972-73 मध्ये जन्मलेल्या मुलांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या. 5 ते 9 या वयात पडून दुखापत होण्याचे प्रमाण, 18व्या वर्षी उंचीला न भिणाऱ्यांत जास्त आढळले. पण पडल्यामुळे भीती गेली, असे यावरून ठरते का? मुळातच न भिणारे मूल अधिक चढेल, म्हणून अधिक पडेल. दोन्ही अर्थ त्याच आकड्यांत बसतात. 2015 साली ब्रुसोनी आणि सहकाऱ्यांनी 21 शोधनिबंध तपासले. निष्कर्ष एकूण अनुकूल निघाला, पण पुराव्याचा दर्जा अत्यल्प ते मध्यम असल्याचे त्यांनीच नोंदवले.

आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे. पालक किती जोखीम पत्करतात हे मोजण्यासाठी हिल आणि बंडी यांनी ऑस्ट्रेलियात 31 प्रश्नांची मोजपट्टी केली. उत्तर 'हो' किंवा 'नाही'. आता कॅनडातील लष्करी कुटुंबातली आई घ्या; ती सैनिकाची पत्नी असेल किंवा स्वतः सैनिक. तेथील लष्करी लोकपालांच्या 2013च्या अहवालानुसार ही कुटुंबे नागरी कुटुंबांच्या तिप्पट वेळा घर बदलतात. जोडीदार महिनोन्‌महिने मोहिमेवर असतो. नव्या गावात ओढा किती खोल, शेजारी कोण, हे आईला ठाऊक नसते. मुलाचा हात मोडला, तर धाकट्याला कोणाकडे ठेवून दवाखाना गाठायचा?

जोखीम म्हणजे केवळ अपघाताची शक्यता नव्हे. अपघात झालाच तर काय निस्तरावे लागेल, हेही त्यात येते. झाड तेच, मूल तेच, पण बदलीनंतर 'हो'चे 'नाही' होऊ शकते. मोजपट्टीवर ती आई 'भित्री' ठरेल; प्रत्यक्षात बदललेली असते ती परिस्थिती. साधनाला स्वभाव आणि परिस्थिती यांतला फरक कळत नसेल, तर त्याच्या आधारे आईला उपदेश करणे अशास्त्रीय आहे, आणि अन्यायाचेही.

याचा अर्थ मुलांना घरात कोंडावे असा नाही. धावण्या-चढण्याला मुकण्याचीही किंमत असते. पण ज्या आईला मुलाने मोकळे खेळावे असे वाटते, तिला पटवून देण्याआधी परिसर दाखवावा, शेजाऱ्यांशी ओळख करून द्यावी, अडचणीला कोण धावून येईल ते सांगावे. हे काम शाळा करू शकते. आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे ड्युनेडिनची नोंद ठेवून एवढेच विचारावे: यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता?