टिकटी आणि तिच्याभोवतीची माणसे

या अंकासाठी मी कोणता विषय घेतला आहे हे ऐकल्यावर पहिला आक्षेप घरातूनच आला. "सणासुदीला माणसे चकलीचा तुकडा मोडीत अंक चाळणार, आणि तुम्ही त्यांच्यापुढे चाबूक धरणार?" आक्षेप काही खोटा नाही. परंतु ज्या कादंबरीविषयी मला लिहावयाचे आहे, तीही एका मासिकातूनच, १८७० ते १८७२ या काळात, महिन्यामागून महिने लोकांनी वाचली होती. तेव्हा वाचकांनी हा अपराध पोटात घालावा, एवढीच विनंती.

कादंबरीचे आज रूढ असलेले नाव 'फॉर द टर्म ऑफ हिज नॅचरल लाइफ'. आपल्या भाषेत सांगायचे तर जन्मठेप. लेखक मार्कस क्लार्क. लंडनमध्ये १८४६ साली जन्मलेला हा मुलगा सतराव्या वर्षी मेलबर्नला गेला, तेथे वर्तमानपत्रांतून लिहू लागला आणि १८८१ मध्ये पस्तिसाव्या वर्षी वारलाही. १८७० साली एका वर्तमानपत्राने त्याला टास्मानियात धाडले. तेथले पोर्ट आर्थरचे बंदिस्थान त्याने डोळ्यांनी पाहिले, सरकारी अहवाल व जुनी कागदपत्रे चाळली आणि त्यांतून ही कथा रचली. १८७४ मध्ये ती बरीच काटछाट होऊन, शेवटही बदलून, पुस्तकरूपाने निघाली.

इंग्लंडने १७८८ पासून १८६८ पर्यंत सुमारे एक लाख बासष्ट हजार कैदी ऑस्ट्रेलियात नेऊन सोडले. तेथे गेल्यावर पुन्हा गुन्हा करणाऱ्यांसाठी आणखी कडक ठाणी होती: मॅक्वारी हार्बर, पोर्ट आर्थर, नॉरफोक बेट. या ठाण्यांवरचे नेहमीचे हत्यार म्हणजे गाठी मारलेल्या नऊ दोऱ्यांचा चाबूक. कैद्याला तीन खांबांच्या चौकटीला बांधीत. आपल्याकडे तुरुंगातल्या अशा चौकटीला टिकटी म्हणत. शेजारी एक जण मोठ्याने आकडे मोजी आणि एक डॉक्टर उभा असे. डॉक्टरचे काम माणूस अजून किती सोसू शकेल हे सांगण्याचे!

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. कोश उशाशी ठेवून ही कादंबरी मी दोन सुट्ट्यांत पुरी केली. ज्या प्रकरणापाशी मी थांबलो, तेथे मात्र कोशाची गरज पडली नाही. किर्कलंड नावाच्या एका कोवळ्या, भेदरलेल्या तरुण कैद्याला फटक्यांची शिक्षा होते, आणि ते फटके मारण्याचा हुकूम कादंबरीच्या नायकाला, रुफस डॉजला, होतो. तोही कैदीच. तो चाबूक हाती घेतो, मारू लागतो, आकडे मोजले जातात. मध्येच तो हात थांबवतो आणि यापुढे मारणार नाही म्हणून सांगतो. मग त्यालाच टिकटीला बांधतात. किर्कलंड त्या शिक्षेतून जिवंत परत येत नाही. ही शिक्षा थांबवीन असे वचन नॉर्थ नावाच्या पाद्र्याने दिलेले असते. पण रात्री दारूच्या नादी लागून तो झोपून राहतो आणि वेळेवर पोचत नाही.

क्लार्कची खरी थोरवी मला येथे दिसते. जखमांचे वर्णन कोणीही करील. त्यात वाचकाला एक चोरटी गोडी लावण्याचाही धोका असतो, आणि क्लार्क त्या मोहातून सर्वस्वी सुटला आहे असे म्हणवत नाही. पण टिकटीभोवती त्याने जी माणसे उभी केली आहेत, मारणारा, मोजणारा, नाडी पाहणारा, हुकूम देणारा आणि वेळेवर न आलेला, त्यांतल्या प्रत्येकाचे काय होते हे तो पाहतो. फटका एकाच्या पाठीवर पडतो, पण त्या आवारातून कोणीच धड बाहेर पडत नाही.

आता दोष. कादंबरीत योगायोगांची रेलचेल आहे. पण ती त्या काळची रीतच होती, म्हणून सोडून देऊ. मला खटकते ते निराळेच. रुफस डॉज हा मुळी गुन्हेगारच नाही! तो खानदानी घरचा, खरे नाव रिचर्ड डिव्हाइन. आईची अब्रू राखण्यासाठी तो तोंड मिटून घेतो आणि न केलेल्या चोरीपायी जन्मठेप भोगतो. साहजिकच आपण त्याच्यासाठी रडतो. पण हे अश्रू फार स्वस्त पडतात. निरपराध माणसाला मारू नये, हे कळायला सहाशे पाने कशाला हवीत? खरी कसोटी गॅबेट या कैद्याची. पळून गेल्यावर भुकेपोटी सोबत्यांनाच खाणारा हा राक्षस १८२४ साली होबार्टला फाशी गेलेल्या अलेक्झांडर पिअर्सवरून घेतलेला आहे. त्याच्याकडे वळली की क्लार्कची लेखणी जनावराचे वर्णन करू लागते. ज्याने गुन्हा खरोखरच केला आहे, त्याच्या पाठीचे काय, या प्रश्नापाशी कादंबरी थबकते.

आपणही त्याच प्रश्नापाशी थबकतो. सावरकरांचे १९२७ साली निघालेले 'माझी जन्मठेप' आपल्याकडे घरोघर माहीत आहे. अंदमानचा कोलू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजबंदी उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या कारागृहात राजबंदी थोडे आणि चोर, दरोडेखोर, खुनी पुष्कळ होते. कोलू त्यांनाही होता. त्यांची जन्मठेप कोणी लिहिली?

इतिहासाने मात्र या प्रश्नाला एकदा उत्तर देऊन पाहिले आहे. नॉरफोक बेटावर १८४० साली अलेक्झांडर मॅकोनोकी नावाचा अधिकारी आला. तेथले पुष्कळसे कैदी दोनदा गुन्हा शाबीत झालेले. त्याने चाबकावरचा भर कमी केला आणि चांगल्या वर्तणुकीला गुण देऊन त्यांतून सुटकेची वाट ठेवली. व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाला त्याने या कैद्यांना मेजवानी दिली, नाटक करू दिले, आतषबाजीसुद्धा केली. १८४४ मध्ये त्याला परत बोलावण्यात आले. पुढे १८४६ ला तेथे आलेला जॉन प्राइस हा जुन्या वळणाचा, अतिशय क्रूर. क्लार्कने आपला खलपुरुष मॉरिस फ्रीअर त्याच्यावरून रंगवला. १८५७ साली विल्यम्सटाउन येथे कैद्यांनीच प्राइसला ठार केले.

हे सारे दूर देशचे, असे म्हणून मला पुस्तक मिटता आले नाही. मी चौथीत असताना आमच्या वर्गात एक चाल होती. ज्याला उत्तर येईल त्याने न येणाऱ्यांच्या थोबाडीत मारायची. एकदा मला उत्तर आले आणि माझ्या शेजारच्या मित्राला आले नाही. त्याने गणिते केलीच नव्हती. अपराध त्याचाच होता. मी हळूच हात लावला. "मारणे याला म्हणत नाहीत," असे म्हणून गुरुजींनी ते कसे असते हे माझ्याच गालावर दाखवले. मग मी नीट मारले. रुफस डॉज मध्येच थांबला होता. मी थांबलो नाही.

पुढे मी स्वतः मास्तर झालो. मुलाकडून मुलाला कधी मारविले नाही. पण पहिली काही वर्षे छडी माझ्या टेबलावर होती. आपल्या देशात फटक्यांची शिक्षा १९५५ च्या कायद्याने गेली. शाळेतल्या मारावर कायद्याने स्पष्ट बंदी यायला २००९ साल उजाडावे लागले. कैद्याची पाठ सुटली, आणि पोरांचे तळहात त्यानंतर चोपन्न वर्षांनी! कायदा आला म्हणून मी छडी टाकली की मला पटले म्हणून टाकली, याचे उत्तर ही कादंबरी वाचीपर्यंत मी स्वतःला विचारलेच नव्हते.

तो मित्र दरवर्षी भाऊबीजेला गावी येतो आणि फराळाला आमच्याकडे डोकावतो. गेल्या वर्षी मी त्याला ती गोष्ट विचारली. तो हसला. म्हणाला, "छे रे! मला काहीच आठवत नाही." त्याने दुसरी करंजी उचलली आणि पिकापाण्याच्या गोष्टी काढल्या. मला मात्र ती थोबाडीत अजून हातात आठवते.