ओहममध्ये मोजलेला कर्करोग

वाहकाच्या दोन टोकांमधील विभवांतर आणि त्यातून वाहणारी धारा यांचे गुणोत्तर म्हणजे त्या वाहकाचा रोध, आणि रोधाचे एकक ओहम, हे आपण शाळेत शिकवतो. अमेरिकेत सान फ्रान्सिस्को येथे अल्बर्ट अब्राम्स (१८६३-१९२४) नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी याच ओहममध्ये रोग मोजायला सुरुवात केली. कर्करोग इतके ओहम, क्षय तितके ओहम. तापाचे माप किलोग्रॅममध्ये सांगावे, तसाच हा प्रकार. पण समोर एक पेटी होती, पेटीवर फिरवायची बटणे होती, बटणांभोवती आकडे होते. आणि आकडा दिसला की माणूस जरा दबकूनच बोलतो.

अब्राम्स यांची पद्धत अशी : रोग्याच्या रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यायचा आणि तो पेटीत ठेवायचा. पेटीची तार एका निरोगी माणसाच्या कपाळाला जोडायची, त्याला पश्चिमेकडे तोंड करून उभे करायचे आणि त्याच्या पोटावर बोटांनी टिचक्या मारीत आवाज कुठे बद्द येतो ते पाहायचे. त्यावरून रोग कोणता, तो कुठे आणि किती ओहमचा, हे सांगायचे. उपचाराची पेटी वेगळी. ती डॉक्टरांना भाड्याने मिळे, पण मोहोरबंद. उघडायची नाही, ही अट.

पुढे या विद्येला रेडिऑनिक्स हे नाव मिळाले. ओहम गळून पडले आणि नुसता आकडा राहिला, त्याला ‘रेट’ म्हणतात. रोग्याचा केस, रक्ताचा थेंब किंवा छायाचित्र यंत्रातल्या खळग्यात ठेवतात. एका हाताने बटणे फिरवतात, दुसऱ्या हाताचे बोट रबराच्या पट्टीवर घासत राहतात. बोट ज्या क्षणी चिकटल्यासारखे वाटेल, त्या क्षणी बटणे दाखवतील तो आकडा रोगाचा किंवा अवयवाचा रेट. उपचारासाठी ठरावीक आकडा लावून ठेवला की रोगी कितीही दूर असो, त्याला गुण येतो असा दावा असतो. आता पेटीचीही गरज उरलेली नाही. ग्रिगोरी ग्राबोवोई या रशियन गृहस्थांच्या नावाने आकड्यांच्या लांबलचक माळा मोबाइलवर फिरतात. अमुक आकडा हातावर लिहा, तमुक आजार जाईल. या गृहस्थांना २००८ साली मॉस्कोच्या न्यायालयाने फसवणुकीबद्दल शिक्षा केली होती, हे त्या संदेशांत नसते. ताईत आणि विसा यंत्र यांना हसणारी शिकलेली माणसे हे संदेश पुढे पाठवतात, कारण त्यांत ‘कंपनसंख्या’ हा शब्द असतो.

तेव्हा कंपनसंख्या म्हणजे काय, तेच आधी पाहू. आकाशवाणीचे सांगली केंद्र मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झला लागत असे, हे कोल्हापूरच्या जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. म्हणजे सेकंदाला बारा लाख एक्कावन्न हजार कंपने. प्रकाशाच्या वेगाला या संख्येने भागले की लहरीची लांबी सुमारे २४० मीटर येते. संच कोणत्या कंपनीचा, ऐकणारा श्रद्धाळू की नास्तिक, याने काही फरक पडत नव्हता. इचलकरंजीच्या आणि कागलच्या घरात काटा त्याच आकड्यापाशी न्यावा लागे. रेडिऑनिक्सच्या रेटला एकक नाही. सेकंदाला इतके काय, ते कोणी सांगत नाही. एका यंत्राचा रेट दुसऱ्या बनावटीच्या यंत्राला चालत नाही, आणि काही जाणकार तर प्रत्येक चालकाने आपापले रेट शोधावेत असेच सांगतात. मार्केट यार्डातल्या काट्यावर तीस किलो भरलेला गुळाचा रवा मुंबईच्या काट्यावरही तीस किलोच भरला पाहिजे. (पावसाळ्यात पाझरून थोडा घटेल, पण मग घट का आली तेही सांगता येते.) प्रत्येक व्यापाऱ्याने आपापले किलो शोधावेत असे कोणी म्हटले तर शेतकरी गाडी परत फिरवतील.

अब्राम्स यांची पेटी जोरात होती त्याच काळात, जानेवारी १९२२ मध्ये, टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला इन्सुलिन टोचले गेले. इन्सुलिनलाही आकडा लागतो. त्याचे एकक सुरुवातीला सशाच्या रक्तातली साखर किती उतरते त्यावरून ठरवले गेले. म्हणजे आकडा एका बाजूला आणि साखर दुसऱ्या बाजूला; आकडा चुकला तर साखर ते दाखवून देणार. आजही आपल्याकडे मिलिलिटरला ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या अशा दोन्ही प्रकारच्या बाटल्या मिळतात. त्यांच्या सिरिंजा वेगळ्या, एकीचे टोपण लाल तर दुसरीचे नारिंगी. शंभरच्या बाटलीतले औषध चाळीसच्या सिरिंजेने खुणेबरहुकूम घेतले तर अडीचपट डोस जातो आणि रोगी बेशुद्ध पडू शकतो. हा आकडा चुकू शकतो, म्हणूनच तो मोजमाप आहे. रेडिऑनिक्समध्ये दोन चालकांचे रेट जुळले नाहीत तर चुकले कोण, हा प्रश्नच उभा राहत नाही. दोघेही बरोबर असतात.

ही यंत्रे कोणी तपासलीच नाहीत असे नाही. अब्राम्सपंथी निदानासाठी एका डॉक्टरने ‘मिस बेल’ या नावाने रक्त पाठवले. तिला कर्करोग आणि डाव्या बीजवाहिनीचा संसर्ग असल्याचे उत्तर आले. मिस बेल म्हणजे एक निरोगी गिनीपिग होता, आणि तोही नर. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाने समिती नेमून १९२३-२४ मध्ये रीतसर चाचण्या घेतल्या. एका चालकाला सहा नळ्यांतले रोगजंतू ओळखायला दिले. सहाही उत्तरे चुकली. लेबलांच्या लाल रंगाने कंपने बिघडली, अशी त्याची तक्रार. लेबले बदलली. पुन्हा सहाही चुकली. १९४९-५० च्या सुमारास शिकागो विद्यापीठात रूथ ड्राउन या बाईंची परीक्षा झाली. दहा नमुन्यांपैकी तीन त्यांनी घेतले आणि त्यांतही त्या नापास झाल्या. क्षयाच्या रोग्याला त्यांनी स्तनाचा कर्करोग सांगितला होता.

या पंथाच्या बाजूचा म्हणून एक निकाल नेहमी पुढे केला जातो. तो टाळून जाणे बरे नव्हे. १९२४ साली ब्रिटनमध्ये सर थॉमस हॉर्डर यांच्या समितीने ग्लासगोच्या डॉ. बॉइड यांचे यंत्र तपासले. त्यात दोनांपैकी एक ओळखायच्या चाचणीत त्यांची पंचवीसच्या पंचवीस उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून असे घडण्याची शक्यता सव्वातीन कोटींत एकापेक्षाही कमी. समितीने हे प्रामाणिकपणे नोंदवले, आणि तरीही या पद्धतीने रोग्यांवर उपचार करणे शास्त्रीय व नैतिक दृष्ट्या समर्थनीय नाही असेच मत दिले. मला समितीचे दोन्ही अर्धे योग्य वाटतात. एका खोलीत, एका माणसाच्या हाती आलेला निकाल हे संशोधनाचे आमंत्रण असते. क्ष-किरणांची बातमी जानेवारी १८९६ मध्ये पसरली आणि काही आठवड्यांत जगभरच्या प्रयोगशाळांत हातांच्या हाडांची छायाचित्रे निघू लागली. बॉइड यांच्या यंत्राला शंभर वर्षे मिळाली.

सर्वांत बोलका प्रकार मात्र हिरोनिमस यंत्राचा. अमेरिकेत १९४९ साली त्याला पेटंट मिळाले. (पेटंट म्हणजे उपकरण चालते असा दाखला, हा समजही वर्गात एकदा दूर करायला हवा.) विज्ञानकथांच्या मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी ते बनवले. त्यांच्या हाती ते वीज न जोडताही ‘चालले’. मग त्यांनी मंडलाची नुसती आकृती शाईने कागदावर काढली. तीही तितकीच ‘चालली’! कॅम्पबेल यांना यात अद्भुत शक्ती दिसली. आपल्या नववीतल्या विद्यार्थ्याला काय दिसेल? रोधक, लोलक, झडपा काढून टाकल्यावरही परिणाम तोच राहत असेल, तर तो परिणाम त्यांच्यामुळे नव्हता. उरले काय? रबरावरचे बोट.

हे बोट आपल्या ओळखीचे आहे. विहीर किंवा बोअर घेण्यापूर्वी पाणाड्याला बोलावण्याची चाल आपल्या जिल्ह्यात अजून आहे. त्याच्या हातातली दुबेळकी फांदी खरोखर वळते, तळहातावरचा नारळ खरोखर हलतो. पाणाड्या लबाडी करतो असे मानायचे कारण नाही. मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत हालतात. शेव्रोल यांनी १८३३ मध्ये दोऱ्याच्या लंबकावर हे दाखवले, आणि कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये या क्रियेला नाव दिले. पण प्रामाणिक माणसाच्या हातून बाहेर आला म्हणून आकडा खरा होत नाही. ऑक्सफर्डच्या द ला वॉर यांच्यावर १९६० साली एका ग्राहक बाईंनी फसवणुकीचा दावा लावला तेव्हा न्यायाधीशांनी तो फेटाळला, कारण त्यांचा स्वतःच्या यंत्रावर विश्वास होता. यंत्र चालते असे न्यायालयाने म्हटले नव्हते.

आपल्या देशातही असे प्रामाणिक उदाहरण आहे. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराचे संचालक आणि गायकवाड ग्रंथमालेचे संपादक डॉ. विनयतोष भट्टाचार्य हे बौद्ध मूर्तिशास्त्राचे मोठे पंडित. उत्तरायुष्यात त्यांनी रत्ने लावलेली चकती रोग्याच्या छायाचित्रासमोर मोटरने फिरवून दूरस्थ उपचार करण्याची पद्धत काढली. रत्नांतून विश्वकिरण निघतात, असे ते सांगत. विश्वकिरण म्हणजे अवकाशातून येणारे, बहुतांशी प्रोटॉन असलेले कण. त्यांच्यापासून वातावरणात तयार झालेला एखादा म्यूऑन दर सेकंदाला आपल्या तळहातातून आरपार जातच असतो, अंगठीत माणिक असो वा नसो. मूर्तिशास्त्रातला अधिकार इथे उपयोगी पडत नाही.

‘पण आमच्या काकूंना गुण आला ना!’ हे वाक्य पालकसभेत ऐकू येणारच. काकूंवर हसू नये. सांधेदुखी, दमा, इसब यांचा स्वभावच चढ-उताराचा, आणि माणूस उपचाराला जातो तो दुखणे शिगेला पोचल्यावर. पुढचा उतार उपचाराच्या नावावर जमा होतो. शिवाय कोणी तासभर आस्थेने विचारपूस केली की बरे वाटतेच. काकूंना विचारायचे ते एवढेच, की डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना? क्षयाचा सहा महिन्यांचा औषधक्रम दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून सोडला, तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात आणि घरातल्या इतरांनाही तसाच क्षय जडू शकतो. लहान वयात मधुमेह झालेल्या मुलाचे इन्सुलिन थांबले तर काही दिवसांत जिवावर बेतते. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मधुमेह, कर्करोग यांसारख्या आजारांवरील इलाजांच्या जाहिरातींना बंदी आहे, पण ती जाहिरातीला. दिवाणखान्यातल्या पेटीला हा कायदा पुरत नाही.

वर्गात करायचा प्रयोग सोपा आहे. एकसारख्या दहा अपारदर्शक डब्या घ्या. एका विद्यार्थ्याने दुसऱ्या खोलीत प्रत्येक डबीसाठी नाणे उडवायचे. छाप आला तर मीठ भरायचे, काटा आला तर बारीक वाळू. यादी लिहून ती पाकिटात बंद करायची आणि स्वतः बाहेरच राहायचे. दुसऱ्याने डब्या आणून मांडायच्या. तिसऱ्याने दोऱ्याला बांधलेली अंगठी आधी उघड्या मिठावर आणि उघड्या वाळूवर धरून तिची चाल ठरवून घ्यायची, मग प्रत्येक डबीवर धरून उत्तर नोंदवायचे. दहाही उत्तरे नुसत्या योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. पाच, सहा, चार असेच आकडे बहुधा येतील, आणि उघड्या मिठावर हमखास गोल फिरणारी अंगठी झाकणावर घोटाळताना मुलांना दिसेल. वाळू मिठापेक्षा जड भरते, म्हणून डब्यांची वजने आधी सारखी करून घ्यावीत आणि डब्या गच्च भराव्यात, नाहीतर आणताना होणाऱ्या आवाजावरून हुशार मुले ओळखतात.