‘डेफिनेटली मेल’ : एका जाहिरातीच्या ओळीविषयी

2001 साली आकुर्डीच्या बजाज ऑटोने पल्सर बाजारात आणली. 150 आणि 180 सीसी. जाहिरातीची ओळ होती, ‘डेफिनेटली मेल’. नक्की पुरुषच! आपल्याच शहराच्या कुशीतून निघालेली ही ओळ आहे, तेव्हा तिच्यापाशी जरा थांबू या.

आम्ही तत्त्वज्ञानवाले आधी ‘नक्की’ या शब्दाला अडखळतो. पर्वती ही नक्की टेकडीच आहे, असं कुणी म्हणतं का? जिथे शंका असते तिथेच ‘नक्की’ लागतं. इथे शंका गाडीबद्दल नव्हती, गिऱ्हाइकाबद्दल होती. मिसरूड फुटलेला, नोकरी नसलेला, निकालाची वाट बघणारा मुलगा. त्याला सांगितलं गेलं, पुरुष असल्याचा दाखला शोरूममध्ये मिळतो; हप्ते वडील भरतील.

गंमत अशी, की मराठी व्याकरणाने हे कधी मानलंच नाही. आपण ‘ती’ पल्सर म्हणतो. मुलगा ‘माझी पल्सर’ म्हणतो, म्हणजे पुरुषत्वही तिचं आणि मालकी मात्र याची.

याआधी, 1989 मध्ये, याच कंपनीचं ‘हमारा बजाज’ होतं. त्याबद्दल आम्ही उगाच हळवे होणार नाही. त्या ‘हमारा’मध्ये सगळं घर होतं, पण हँडल कुणाच्या हातात? बाई मागे, एका बाजूला पाय सोडून. तो अधिकार गृहीतच होता, उच्चारावा लागत नव्हता. मग 2001 मध्ये का लागला? आम्हाला वाटतं, मधल्या काळात मुली रस्त्यावर आल्या होत्या. 1972 पासून लूना होती. 1984 ला कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, बटण दाबलं की सुरू. किक मारून द्यायला घरातला पुरुष लागेना. तेव्हा बाजाराने रस्ता वाटून टाकला : स्कूटर तिची, बाईक त्याची.

‘अहो, जाहिरातच ती, किती मनावर घेता?’ असं कुणी म्हणेल. ठीक. पण त्याच 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी 946. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याने 1988 मध्येच कायदा केला होता. ‘नक्की मुलगाच ना?’ हा प्रश्न तेव्हा सोनोग्राफीच्या खोलीबाहेर हळू आवाजात विचारला जात होता. जाहिरात लिहिणाऱ्यांच्या मनात हे होतं, असा आरोप आम्ही करत नाही. त्यांना तयार कान मिळाले, एवढंच म्हणतो.

पुढे कंपनीने ती ओळ सोडली. घरातली वाटणी राहिली. 2004 मध्ये ‘सातच्या आत घरात’ नावाचा मराठी सिनेमा आला. हे नाव कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. स्कूटरच्या किल्लीबरोबर मुलीला ते वाक्यही मिळतच होतं. पल्सरवाल्याला कुणी वेळ घालून दिली नव्हती.