भिंतीचा पोत, चेहऱ्यावरचा उजेड

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका तरुण छायाचित्रकाराने केलेले एक व्यक्तिचित्र माझ्या संग्रही आहे. उंबऱ्यावर बसलेले, सत्तरी ओलांडलेले एक गिरणी कामगार, डावीकडून येणारा सकाळचा उजेड आणि चित्रात पसरलेला जुन्या गिलाव्याचा पोत. हा पोत हुकुमचंद मिलच्या भिंतीचा. तिचा फोटो वेगळा काढून या छायाचित्रावर चढवला आहे. मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या देण्याचा निकाल लागायला २०२३चा डिसेंबर उजाडला. तयार पोत हवे तितके मिळत असताना ज्या भिंतीआड या माणसाचे उमेदीचे दिवस गेले, तीच निवडणे ही या कामातली पहिली रसिकता.

आता पोपड्यांच्या सावल्या पाहा. त्या उजवीकडे पडतात, चेहऱ्याची सावलीही उजवीकडेच. खालच्या कोपऱ्यात रंगाने लिहिलेला एक पुसट ७ मात्र उलटा दिसतो. म्हणजे भिंतीवर मुळात उजेड उजवीकडून पडत होता आणि छायाचित्रकाराने भिंतीचा तो थर आडवा उलटवून घेतला. दोन उजेड परस्परविरुद्ध असते तर का ते न कळताही डोळा अडखळला असता. तो आकडा पुसून टाकणे सोपे होते. त्याने ठेवला, आणि मला तो फार आवडतो.

खरी कसोटी ब्लेंड मोडची, म्हणजे वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा त्या पद्धतीची. मल्टिप्लायमध्ये दोन्ही थरांच्या उजळपणाचा गुणाकार होतो. काळा ० आणि पांढरा १ धरला, तर ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५. पांढरा चुना नाहीसा होतो, भेगा उरतात, पण सगळे चित्रच काळवंडते. स्क्रीनचे याच्या उलट, तिथे चित्र विटते. ओव्हरले खालच्या छायाचित्राला विचारून चालतो, गडद भागात गुणाकार आणि उजळ भागात स्क्रीन. या छायाचित्रकाराने त्याहून मवाळ सॉफ्ट लाइट घेतला. या मोडमध्ये ५० टक्के करडा काहीच करत नाही. म्हणून त्याने आधी भिंतीचा रंग काढला आणि तिचा सरासरी उजळपणा नेमका त्या करड्यावर आणून ठेवला. त्यामुळे मूळ उजेड जवळपास जसाच्या तसा राहिला आणि फक्त भेगा व उंचवटे बोलू लागले. धोतराच्या सर्वांत शुभ्र घडीवर पोत नाही, दारातल्या गडद काळोखातही नाही. तो मधल्या छटांत वावरतो. एवढा हिशेब करून तो कुठेच दाखवायचा नाही, याला मी प्रभुत्व म्हणतो.

थर एकावर एक रचून हवे तसे मिसळण्याची सोय फोटोशॉपमध्ये १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आली. त्याआधी डार्करूममध्ये दोन निगेटिव्ह एकावर एक ठेवून हे साधत. साधन बदलले, नजर तीच लागते. टाकाऊ वस्तूंत आकार शोधणाऱ्या विष्णू चिंचाळकर गुरुजींच्या इंदुरात ती नजर उपरी नाही.

मागची खोली थोडी धूसर आहे, म्हणून तिथला पोतही त्याने तितकाच धूसर केला. पार्श्वभूमी अस्पष्ट आणि वरचा गिलावा धारदार, असा विजोडपणा चांगल्या चांगल्यांच्या कामात आढळतो. इथे तो औषधालाही नाही.

आणि चेहरा. मास्कने, म्हणजे थराचा हवा तेवढा भाग झाकून, पोत कानशिलापासून विरळ होत जातो, डोळ्यांपाशी पुरता थांबतो. सुरकुत्या हाच त्या त्वचेचा पोत. त्यावर दुसरा चढला असता तर दोन्ही वाया गेले असते. भिंतीची एकच भेग केसांच्या कडेपर्यंत आली आहे आणि कपाळावरची आठी बरोबर तिथूनच सुरू होते. दोन्ही रेषा जिथे भेटतात तिथे जोड सापडत नाही. या एका जागेसाठी मी हे चित्र पुन्हा पुन्हा काढून पाहतो.

पोत चढवलेले छायाचित्र यापुढे समोर आले, तर वाचकहो, आधी सावल्यांची दिशा पाहा आणि मग हात कुठे आवरला आहे ते शोधा.