तारेची उपमा

शास्त्रीय विषय सुबोध करून सांगणाऱ्या लेखकांस उपमेवांचून गत्यंतर नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु मज्जातंतूंस विजेच्या तारेची उपमा देण्याची जी वहिवाट पडली आहे, तिजविषयीं आमची तक्रार आहे. तारेवर जसें रबराचें आवरण, तसें कांहीं मज्जातंतूंवर मायेलीन नांवाच्या स्निग्ध द्रव्याचें वेष्टन. वेष्टित तंतू संदेश जलद नेतात, वेष्टनहीन तंतू सावकाश. येथवर उपमा ठीक चालते.

पण तारेचें आवरण मध्येंच तुटलें तर आपण तो दोष समजतों. मज्जातंतूचें वेष्टन मात्र स्वभावतःच तुटक असतें. त्यांतील सूक्ष्म खंडांचें वर्णन रांव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७१ मध्यें केलें. संदेश या खंडांवर नव्यानें चेततो व उड्या घेतल्यासारखा पुढें जातो. म्हणूनच जाड वेष्टित तंतूंत त्याचा वेग सेकंदास शंभर मीटरपर्यंत जातो. वेष्टनहीन तंतूंत तो एक-दोन मीटरच. ठेंच लागतांच येणारी तीक्ष्ण कळ बारीक वेष्टित तंतूंची, मागाहूनचा ठणका वेष्टनहीनांचा. ‘वेष्टनहीन’ म्हणजे अगदीं उघडे, असेंही नव्हे. एका गोधडीखालीं निजलेल्या भावंडांप्रमाणें असे अनेक तंतू एकाच श्वानपेशीच्या घड्यांत वसतात. (श्वान हें जर्मन शास्त्रज्ञाचें नांव, वाचकांनीं भलतीच कल्पना करूं नये.)

उपमेचा खरा अपराध रोग्याच्या उशाशीं कळतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारांत मेंदू व पृष्ठरज्जू यांतील तंतूंचें वेष्टन नष्ट होतें. तारेच्या उपमेवर विसंबणारा आप्त म्हणेल, ‘आवरण गेलें तरी तार शाबूत आहे, मग पाय कां उचलत नाहीं?’ वेष्टनहीन तंतूंत सोडियमचे कण आंत घेणारीं द्वारें सर्व लांबीवर पसरलेलीं असतात. वेष्टिताचीं बहुतेक त्या खंडांपाशींच एकवटलेलीं. त्यामुळें सोललेला वेष्टित तंतु जन्मतः वेष्टनहीन तंतूसारखा सावकाश काम करील, अशी खात्री नसते. संदेश वाटेंतच विझूं शकतो.

उपमाच हवी असेल तर लिली या शास्त्रज्ञाची घ्यावी. त्यानें १९२५ सालीं नायट्रिक ॲसिडांत ठेवलेल्या लोखंडी तारेवर कांचेच्या नळीचे तुकडे चढविले. तारेच्या पृष्ठभागावरील रासायनिक चेतना नळ्यांमधील उघड्या जागांवरून उड्या घेत गेली, आणि नुसत्या तारेवरील चेतनेपेक्षां फार जलद गेली. तारच ती, पण तींत फटींस मान आहे.