कुंकवाचा लाल कोणता?

'कुंकू' पाहिलाय का तुम्ही? प्रभातचा, १९३७ सालचा, व्ही. शांतारामांचा. पाहिला असेल तर एक सांगा: शांता आपटेंच्या कपाळावरच्या कुंकवाचा रंग कोणता होता?

तुम्ही पटकन 'लाल' म्हणाल आणि मग जरा थबकाल. कारण चित्रपट कृष्णधवल आहे. पडद्यावर दिसतो तो गडद करडा ठिपका. लाल रंग आपण आपल्या मनातून भरतो, आणि इतक्या सहज भरतो की भरला हेही लक्षात राहत नाही.

आता समजा, उद्या कुणी 'कुंकू' रंगवून पुन्हा थेटरात आणला. बघाल का? मी तर पहिल्या खेळाला जाईन. आणि घरी येऊन जुना कृष्णधवल पुन्हा लावेन. आजची पोस्ट या दोन वाक्यांबद्दलच आहे.

माझं पीएचडीचं काम प्रभातच्या दुभाषी चित्रपटांवर चाललंय. तेव्हा एकच कथा, तेच सेट, पुष्कळदा तेच नट घेऊन मराठी आणि हिंदी असे दोन चित्रपट बरोबरीने काढत. 'कुंकू'चा हिंदी जोडीदार 'दुनिया न माने'. त्यामुळे दोन आवृत्त्या शेजारी ठेवून बघणं हे माझं रोजचंच काम आहे. त्यातून झालेलं मत आधीच सांगून टाकते. बदललेली आवृत्ती ही मूळ चित्रपटावरची टीका असते. 'टीका' म्हणजे शिव्या नव्हेत, तर ज्या अर्थाने ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे, त्या अर्थाने. टीका वाचण्यात अपार आनंद आहे. फक्त एक अट आहे: मूळ ग्रंथ हाताशी पाहिजे.

आधी रंगवलेल्या चित्रपटाचं एक खरंखुरं उदाहरण घेऊ. 'मुघल-ए-आझम' १९६० साली आला तेव्हा बहुतांश कृष्णधवल होता. शीशमहालातलं गाणं आणि शेवटाकडचा काही भाग तेवढा रंगीत. २००४च्या दिवाळीत तो संपूर्ण रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला. नौशाद हयात होते, त्यांच्या देखरेखीखाली संगीत नव्याने ध्वनिमुद्रित झालं, लांबीही थोडी कमी केली. त्यानंतर 'नया दौर' (२००७) आणि 'हम दोनो' (२०११) हेही रंगून आले.

रंगीत 'मुघल-ए-आझम'ने काय दिलं? भरजरी कपडे, दागिने, लढाईतली गर्दी यांचा थाट डोळ्यांत भरतो. आणि दुसरं, जे चित्रपट-अभ्यासक नाक मुरडून सोडून देतात: कृष्णधवल दिसलं की चॅनेल बदलणारी पोरं थेटरात तीन तास बसली. ही गोष्ट लहान नाही.

घेतलं काय, तेही बघा. मूळ चित्रपटात तासन्‌तास करड्या जगात बसल्यावर अनारकली बादशहासमोर उभी राहते आणि पडदा एकदम रंगतो. रंग तिथे तिच्या बंडाचा भाग होता. तिने तोंड उघडलं म्हणून जग रंगीत झालं, असं वाटायचं. पहिल्या फ्रेमपासून सगळंच रंगीत केल्यावर शीशमहाल हा नुसता पुढचा, जास्त चकचकीत सेट उरतो. पण गंमत अशी की हा धक्का किती मोठा होता, हे दोन्ही आवृत्त्या लागोपाठ बघितल्यावर जितकं कळतं, तितकं एकट्या मूळ चित्रपटातून कळत नाही. बदललेल्या आवृत्तीचं सगळ्यात मोठं काम हेच: ती मूळ चित्रपटातला एखादा निर्णय उघडा पाडते.

आता थोडं तंत्र. कृष्णधवल फिल्म फक्त उजेड नोंदवते. लाल पदर आणि हिरवा पदर तिच्यावर अगदी सारख्या करड्या छटेत उमटू शकतात. त्यातही जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जाणवतच नसे, त्यामुळे लाल वस्तू काळी यायची. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तिला लाल जाणवला, पण तोही करडा होऊनच. म्हणजे रंगवणारा माणूस (किंवा आता संगणक) फिल्ममध्ये लपलेला रंग 'शोधून' काढत नाही. उजेड-अंधार मूळचा ठेवून त्यावर रंग ठरवतो. कधी जुने कपडे, छायाचित्रं, कुणाच्या आठवणी यांचा आधार असतो, कधी निव्वळ अंदाज. म्हणून 'मूळ रंगात बघा' अशी जाहिरात दिसली तर हसून सोडून द्या.

मी केमची आहे. करमाळा तालुक्यातलं आमचं गाव कुंकवासाठी ओळखलं जातं. इथे कुणाला 'कुंकवासारखा लाल' म्हणालात तर उलट प्रश्न येईल, कुठल्या कुंकवासारखा? पिंजर वेगळी, देवीच्या मळवटाचं वेगळं, ताजं वेगळं, उन्हात राहून उतरलेलं वेगळं. तेव्हा 'कुंकू' रंगवायला घेतला की पहिलाच प्रश्न हा. नीराच्या कपाळावर कुठला लाल लावायचा? म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली ही मुलगी. ते लग्न तिला मान्य नाही, आणि सवाष्णीची खूण कपाळावर आहे. भडक लाल लावला तर ते ओरडून सांगेल, मंद लावला तर वेगळंच काही सुचवेल. प्रत्येक छटा म्हणजे नीराबद्दलचं एक मत. करड्या ठिपक्यावर हे मत प्रेक्षकाने आपलं आपण बनवायचं असतं.

शांताराम रंगाच्या विरोधात होते म्हणून रंगवू नये, असं मात्र म्हणता येणार नाही. १९३३च्या 'सैरंध्री'च्या रंगीत प्रती काढायला ते थेट जर्मनीला गेले होते. रंग मनासारखा उतरला नाही, ते सोडा. पुढे 'झनक झनक पायल बाजे' आणि 'नवरंग' काढणारा माणूस हा! त्यामुळे रंगीत 'कुंकू' मला चालेल.

आवाज बदललेला मात्र मला खुपेल. 'कुंकू'त पार्श्वसंगीत वापरलेलं नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाजच ऐकू येतात. काकासाहेबांचं ते भिंतीवरचं म्हातारं घड्याळ आठवा. त्या घरातली घुसमट त्या शांततेतून येते. पुनर्प्रदर्शनासाठी 'जरा भरीव वाटावं' म्हणून कुणी खाली व्हायोलिनं भरली, तर नीराच्या प्रत्येक गप्प बसण्याला संगीतकार उत्तर देत बसेल. रंग निदान तिच्या कपाळापर्यंत थांबतो, संगीत तिच्या मनात शिरतं.

इथे तुम्ही विचाराल, पण 'मूळ' म्हणजे नक्की काय? प्रश्न रास्त आहे. 'कुंकू'चंच बघा. मराठी नाव कपाळावरच्या वस्तूचं आहे, तर हिंदी नाव न मानणाऱ्या जगाचं. कथा तीच, पण मराठी प्रेक्षक ठिपक्याकडे बघत बसतो आणि हिंदी प्रेक्षक आजूबाजूच्या माणसांकडे. यातलं मूळ कुठलं? दोन्ही. 'शोले'ची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. १५ ऑगस्ट १९७५ला, आणीबाणीत, तो लागला तो सेन्सॉरमुळे शेवट बदलून. ठाकूर गब्बरला मारणार इतक्यात पोलीस येतात. म्हणजे आपल्या आईवडिलांनी बघितलेला, पाठ केलेला 'ओरिजिनल' हाच मुळात बदललेला. २०१४ला त्याची थ्रीडी आवृत्ती आली. आणि २०२५ला, पन्नासाव्या वर्षी, सेन्सॉरपूर्व शेवटासह दुरुस्त केलेली प्रत आधी इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. आता तुमचा 'शोले' कुठला, ते तुम्हीच ठरवा. माझ्या मते तिन्ही. पोलीस येतात तो शेवट आणीबाणीचा दस्तऐवज आहे, तोही फेकून देता कामा नये.

मग सगळंच चालतं का? नाही. अट विसरू नका.

१९१३चा फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' घ्या. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढंच उरलंय. फाळक्यांनी १९१७ साली हीच कथा पुन्हा चित्रित केली होती, आणि उरलेली रिळं १९१३ची नसून १९१७चीच आहेत, असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे पहिला भारतीय कथापट म्हणून आपण ज्याला नमस्कार करतो, ती कदाचित त्याची दुसरी आवृत्ती आहे. यात फाळक्यांचा काही दोष नाही. दोष जपणूक न करण्याचा आहे. पुढे ८ जानेवारी २००३ला पुण्यात चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची रिळं जळाली. मूळ गेलं की शेजारी ठेवायला काही राहत नाही. टीका एकटी पडते आणि मग तीच ग्रंथ होऊन बसते.

दुसरा धोका आगीचा नाही, नावाचा आहे. २०१३च्या 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये पुन्हा लावली गेली, तेव्हा हक्कदार कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून शेवट फिरवला. मूळ चित्रपटात मरणारा नायक इथे डोळे उघडतो. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष दोघांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. कायदा कुणाच्या बाजूने आहे हा वेगळा विषय. मला खटकतं ते हे की नव्या शेवटावर ना कुण्या लेखकाचं नाव आहे ना दिग्दर्शकाचं, आणि तो त्याच जुन्या नावाखाली विकला जातो.

आपल्याकडे हा प्रश्न चित्रपटाआधी तीनशे वर्षं हाताळून झालाय. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये पाठभेद माजले तेव्हा शके १५०६मध्ये एकनाथांनी प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत तयार केली आणि यात आपली ओवी घुसडू नका, अशी ताकीद दिली. पण त्याच एकनाथांनी भागवतावर स्वतःची भलीमोठी टीकाही लिहिली, आपल्या नावाने, वेगळा ग्रंथ म्हणून. दुसऱ्याच्या पोथीत ओवी घुसडणं निराळं आणि पोथीशेजारी आपली पोथी ठेवणं निराळं. चित्रपटांनाही मला हाच नियम लावावासा वाटतो.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा जुना चित्रपट नटूनथटून परत आला तर खुशाल तिकीट काढा. जाण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा: काय बदललं हे निर्मात्याने स्पष्ट सांगितलंय का, बदल कुणी केला त्याचं नाव आहे का, आणि मूळ चित्रपट आज कुठे बघायला मिळतो. तिसऱ्याचं उत्तर 'कुठेच नाही' असेल, तर तक्रार नव्या आवृत्तीबद्दल करत बसू नका. जुनीची मागणी करा.

आणि क्रम विचाराल तर माझा सल्ला उलटा आहे. आधी बदललेली बघा, मग मूळ. जे नाही ते पटकन दिसत नाही, पण नव्याने सापडलेलं लगेच डोळ्यांत भरतं.