टाकाऊ वस्तू आणि टिकाऊ व्यवस्था

शहरांतून अलीकडे एका उपक्रमाचा बराच बोलबाला आहे. भंगारवाला जे घेत नाही आणि घंटागाडीत जे टाकू नये असे सांगितले जाते, त्या घरगुती वस्तू वस्तीने एकत्र येऊन गोळा करायच्या व पुनर्वापरासाठी पाठवायच्या. फाटक्या गाद्या, चपटलेल्या उशा, तुटके बूट, थर्माकोल, वेफर्सची चकचकीत वेष्टने, गेलेले बल्ब, जुने चार्जर, बंद पडलेले मिक्सर अशा वस्तूंचा ढीग ठरलेल्या रविवारी सोसायटीच्या फाटकाशी जमतो. कोणी सुशिक्षित गृहस्थ चार शब्द बोलतात, छायाचित्रे निघतात आणि 'टाकाऊतून टिकाऊ' हे शाळेतल्या हस्तकलेच्या तासाचे घोषवाक्य नव्याने उच्चारले जाते. या उपक्रमांमागच्या सद्हेतूविषयी मला शंका घ्यायची नाही. पृथ्वीवर कचऱ्याचे डोंगर वाढू नयेत असे कोणाही विवेकी माणसाला वाटणारच, आणि त्या डोंगरांच्या पायथ्याशी झोपडी असलेल्या माणसाला तर ते सर्वांत आधी वाटते. मला तपासायची आहे ती या उपक्रमांची भाषा. त्या भाषेत वस्तू आहे, पर्यावरण आहे, जागरूक नागरिक आहे. ढीग उपसणारा माणूस मात्र नाही. आणि तो माणूस बहुतेक वेळा बाई असते व ती बहुतेक वेळा आपल्यातली असते.

सामुदायिक पुनर्वापर ही नवी कल्पना असल्याचे सांगितले जाते. हे ऐतिहासिकदृष्ट्या खरे नाही. आपल्या गावगाड्यात सर्वांत अवघड घरगुती वस्तू कोणती होती? मेलेला बैल. तो गोठ्यात ठेवता येत नव्हता, जाळता येत नव्हता आणि त्याला हात लावला तर मालक बाटत होता. या अवघड वस्तूची विल्हेवाट लावण्याची पूर्ण व्यवस्था गावाने बसवली होती. महाराने ढोर ओढायचे, ढोराने कातडे कमवायचे, चांभाराने त्याचा जोडा शिवायचा. हाडे, शिंगे, चरबी यांतले काही वाया जात नव्हते. कातड्याची मोट होई व तिने विहिरीचे पाणी उसाला मिळे. ज्यांच्या हातांनी ते कातडे तयार केले त्यांना मात्र त्या विहिरीला शिवण्याची मनाई होती. आजच्या परिभाषेत ज्याला शून्य कचरा म्हणतात तो गावगाड्याने साधला होता, आणि त्याची किंमत काही जातींच्या माणूसपणातून वसूल केली होती. म्हणून कोणी 'आपल्या पूर्वजांची काटकसरी जीवनपद्धती' असे गोडवे गाऊ लागला की मी विचारतो, कोणाच्या पूर्वजांची?

दुसरी गोष्ट दानाची. रविवारच्या ढिगात जुने कपडे व जुने सामान असते आणि ते 'गरजूंना' देण्यात येईल असे जाहीर होते. हा गरजू कोण, हे मनुस्मृतीने फार पूर्वी ठरवून ठेवले आहे. तिच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, धान्यातले पोचट दाणे आणि जुने घरसामान द्यावे असे सांगितले आहे. चांडाळाच्या वाट्याला मृताची वस्त्रे आणि फुटकी भांडी आहेत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जाळले गेले त्यात ही यादी होती. त्याच वर्षी मार्च महिन्यात महाडच्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि शिळे, उष्टे तुकडे सोडण्याचा उपदेश केला होता. उतरलेली वस्तू स्वीकारताना माणूसही उतरतो, हे त्यांनी ओळखले होते. दाराशी येणाऱ्या बोहारणीकडे पाहा. ती जुन्या साडीच्या बदल्यात पातेले देते, घासाघीस करते, साडीच्या काठाला बोट लावून दोष दाखवते. तो व्यवहार आहे; त्यात दोन्ही बाजूंना तोंड आहे. तीच साडी 'दान' झाली की घेणाऱ्याला दोष दाखवण्याचा अधिकार उरत नाही. फाटकी गादी देऊन दाता स्वतःचा माळा मोकळा करतो आणि वर पुण्यही घेतो.

आता 'अवघड' या शब्दाकडे वळू. वस्तू पुनर्वापराला अवघड असते म्हणजे काय? वेफर्सच्या वेष्टनात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणे महाग पडते. थर्माकोलमध्ये बहुतांश हवाच असते. टेम्पो भरून नेला तरी वजन काट्यावर दिसत नाही. बुटात रबर, फोम, कापड आणि डिंक एकजीव झालेले असतात. गादीत काथ्या किंवा फोम, कापड, दोरा आणि वर्षानुवर्षांचा घाम असतो. डायपरमध्ये लगदा, प्लॅस्टिक आणि ओल शोषणारे रसायन असते, शिवाय विष्ठा असते. नळीच्या दिव्यात पारा असतो. यांतली एकही वस्तू निसर्गाने अवघड केलेली नाही. कारखान्यात कोणी तरी ती तशी करायचे ठरवले, कारण तशी करणे त्याला स्वस्त होते. स्वस्ताईचा नफा त्याच्याकडे राहिला, अवघडपणा आपल्याकडे आला. पुठ्ठा, पत्रा, दूधपिशवी, कडक प्लॅस्टिक यांना भाव आहे म्हणून ती वेचली जातात. जिला भाव नाही ती वस्तू 'अवघड' ठरते. म्हणजे हा अवघडपणा पदार्थविज्ञानाचा जितका आहे तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

कायद्याची वाटचाल या दृष्टीने बोलकी आहे. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांत पुनर्वापर न होणारे बहुस्तरीय प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद करावे असे म्हटले होते. मुदत भरत आली तेव्हा, २०१८ मध्ये, शब्द बदलले. ज्याचा पुनर्वापर होत नाही, ज्यापासून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा कसलाही उपयोग नाही, अशाच प्लॅस्टिकपुरते ते बंधन उरले. भट्टीत जाळता येते म्हटले की सुटका झाली. नियमाच्या एका वाक्यात किती पोती भरतात हे वाक्य लिहिणाऱ्याला पाहावे लागत नाही.

साहित्याच्या अंगाने या प्रश्नाकडे पाहणे मला आवश्यक वाटते. आपल्या कवितेत उकिरडा, गटार, उष्टे यांच्या प्रतिमा विपुल आहेत आणि समीक्षकांनी त्यांची 'विद्रोहाची प्रतीके' म्हणून पुष्कळ चर्चा केली आहे. परंतु प्रतीक म्हटले की उकिरड्यावरचे काम दिसेनासे होते. अण्णाभाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतला भीमा प्रतीक शोधायला स्मशानात गेलेला नाही. वारणेकाठचा हा धिप्पाड माणूस मुंबईला येतो, खाणीत काम करतो, खाण बंद पडते, आणि मढ्याच्या राखेत त्याला सोने सापडते. कोणीही माणूस वा संस्था त्याला पगार देत नाही, म्हणून तो समाजाने टाकलेल्यातून आपला पगार शोधतो. शेवटी मढ्याच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात, ती त्याला गमवावी लागतात, आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी त्याच वेळी येते. आज 'कचऱ्यात सोने आहे' असे व्याख्यानांतून ऐकू येते. अण्णाभाऊंनी त्या सोन्याचा हिशेब कधीच मांडून ठेवला आहे. सोने काढणाऱ्याची बोटे कोण मोजणार, हा त्या कथेचा प्रश्न आहे.

दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मुंबईच्या कावाखान्यातल्या बाया रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काच, लोखंड वेचून आणतात आणि घरी आणून निवडत बसतात. या वर्णनाकडे दारिद्र्याचे चित्र म्हणून पाहिले गेले, आणि ते तसे आहेही. परंतु माझ्या मते ते कौशल्याचेही चित्र आहे. कोणता कागद कोणत्या भावाचा, कोणती काच कोणत्या ढिगात, हे बोटांना ठाऊक असणे म्हणजे विद्या आहे. शहराने ती विद्या कधी मोजली नाही. आज तिलाच 'वर्गीकरण' म्हणतात व तिच्यावर कार्यशाळा भरतात. शिकवणारे व्यासपीठावर असतात आणि जाणणाऱ्या सतरंजीवर.

या विद्येला संघटनेचे बळ मिळाले ते पुण्यात. १९९३ साली बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य बाया, आणि त्यांतल्या बहुसंख्य दलित. कित्येकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून उठून आलेली. त्यांनी ओळखपत्र मागितले आणि ते महापालिकेच्या मान्यतेने मिळवले. चोर म्हणून हटकली जाणारी बाई कागदोपत्री कामगार झाली. २००८ साली पंचायतीतूनच 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि दारोदारचा कचरा उचलण्याचे काम तिने महापालिकेशी करार करून घेतले. २०१३ साली या बायांनी वापरलेली सॅनिटरी नॅपकिन गोळा करून उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवली. मला हे कृत्य एखाद्या चांगल्या निबंधाइतके मोलाचे वाटते, कारण त्यात संपूर्ण युक्तिवाद आहे: ही वस्तू तुमची आहे, नफा तुम्ही घेतला, आता तिचा वासही घ्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत अशा वस्तूंसोबत गुंडाळण्याची पिशवी देण्याचे बंधन उत्पादकांवर आले. नॅपकिन व डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आमचा हात त्यात जाणार नाही, अशी मोहीमही 'स्वच्छ'ने चालवली. एका ठिपक्यासाठी माणसांना मोहीम करावी लागते, यातच पांढरपेशा नागरिकत्वाची परीक्षा झाली. जुने कपडे, सामान, इलेक्ट्रॉनिक वस्तू गोळा करण्याचा 'व्ही-कलेक्ट' हा उपक्रमही याच संस्थेचा. रविवारचा ढीग येथेही जमतो. परंतु टेबलामागे कचरावेचक स्वतः उभ्या असतात, आणि हा फरक लहान नाही.

येथे आपल्याच चळवळीतून एक आक्षेप येतो व तो मला गंभीर वाटतो. बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडायला सांगितली. आपण त्याच कामाच्या संघटना बांधायच्या काय? १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी एक आठवण सांगितली. मेलेली ढोरे ओढणे सोडल्याने महारांचे कातडी, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडते, असा हिशेब 'केसरी'तून मांडला जात होता. बाबासाहेबांचे उत्तर असे होते की एवढा फायदा आहे तर तो हिशेब मांडणाऱ्यांनीच घ्यावा. 'कचऱ्यात सोने आहे' म्हणणाऱ्या प्रत्येकाला हेच उत्तर आजही लागू आहे.

परंतु या उत्तराचा पुढचा भाग आपण विसरतो. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले. त्यांचा रोख असा होता की काम करून घ्यायचे तर रोख पगार द्या. जमिनीचा तुकडा आणि बलुते देऊन माणूस पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवू नका. काम आणि जात यांची गाठ तोडणे हा त्यांचा कार्यक्रम होता. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील निबंधात श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत त्यांनी जो फरक केला, त्याचाही अर्थ हाच. त्या प्रकाशात आजचा प्रश्न नेमका मांडता येतो. कचरावेचक बाईला 'भंगार विकून मिळेल ते तुझे' असे सांगणे हे शहरी बलुते आहे. पुठ्ठा आणि पत्रा यांच्या बाबतीत त्यातून निदान चार पैसे सुटतात. पण गादी, डायपर, थर्माकोल, वेष्टन यांतून काहीच सुटत नाही. म्हणजे अवघड वस्तूच्या बाबतीत ते बलुतेही नाही. ती निव्वळ वेठ आहे. वस्तीने उत्साहाने गोळा केलेला ढीग कोणी तरी फुकट निवडावा, अशी अपेक्षा ज्या उपक्रमात गृहीत आहे तो वेठबिगारीचा उपक्रम आहे, मग त्याच्या फलकावर कितीही हिरवी पाने काढलेली असोत.

म्हणून अशा कोणत्याही उपक्रमाला मी चार प्रश्न विचारतो. निवडण्याच्या तासांची रोख मजुरी ठरली आहे काय? ती मजुरी वस्तू बनवणाऱ्याच्या खिशातून येते की कामगाराच्या पोटातून? वस्तू धुऊन, वेगळी करून देण्याचे काम घरातल्या माणसांनी, त्यांतही पुरुषांनी, केले आहे काय? आणि निवडणाऱ्या बाईची मुलगी उद्या या कामात आली नाही तर उपक्रम चालेल काय? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जो उपक्रम तिच्या मुलीच्या गरिबीवर अवलंबून आहे तो पर्यावरण वाचवत असेल, पण जात टिकवतो. आजच्या बाईला हातमोजे, मजुरी, विमा आणि मान हवा. तिच्या मुलीला शाळा आणि दुसरे काम निवडण्याचे स्वातंत्र्य हवे. या दोन मागण्यांत विरोध पाहणारे एक तर आजची बाई विसरतात किंवा उद्याची मुलगी.

हेच प्रश्न लेखकांनाही लागू आहेत. उकिरड्याची प्रतिमा वापरून आपण पुष्कळ लिहिले. आता उकिरड्यावरच्या कामाचे साहित्य हवे. त्यात भाव, वजन, काटा, भंगारवाल्याची उधारी, सुईने टोचलेला हात आणि संघटनेच्या सभेतले भांडण असेल. ते लिहिण्याचा पहिला अधिकार ज्यांनी पोते उचलले त्यांचा आहे. शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी निदान एवढे करावे की त्यांच्या तोंडून ते ऐकून, त्यांच्या शब्दांना सफेदी न लावता उतरवून ठेवावे; आणि पुढच्या रविवारी फाटकाशी टेबल मांडले जाईल तेव्हा तेथे जाऊन मजुरीचा प्रश्न मोठ्याने विचारावा.